दांडी माझ्या हाताच्या उंचीवर

आमच्याकडे नवीन पाहुणा आला आणि बाथरूममध्ये जाऊन आला, की हात पुसत पुसत एक प्रश्न हमखास विचारतो. टॉवेलची दांडी एवढी खाली कशी? मुलांसाठी लावली का? पूर्वी मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचे. आता सरळ सांगते, की माझ्यासाठी लावली आहे आणि तिच्यासाठी मला सगळ्या घराशी भांडावं लागलं. ज्यांच्या घरात कुणी मोठ्या आजारातून उठतंय, किंवा जे स्वतःच उठतायत, त्यांच्या कामाला येईल म्हणून ते भांडण लिहून ठेवते.

एक्याण्णव साल होतं. मी भिवंडीत नगरपालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. माझे मिस्टर अशोक दापोड्याला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर, मुलगी सुजाता पाचवीत, आणि घरात सासूबाई. त्यांना मी आईच म्हणायचे. जन्मभर खेड्यात मजुरी करून त्यांनी मुलाला शिकवलं होतं. बौद्धवाड्यातलं आमचं घर लहान, मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. त्याची खटखट बंद पडली तरच आम्हाला आवाज जाणवायचा.

*

गणपती उठून गेले आणि मला जुलाब झाले. ते थांबले, पण नंतर पायाची बोटं बधिर वाटायला लागली. चप्पल पायातून निसटायची आणि मला कळायचंच नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू दोनदा हातातून पडला. पोरं हसली, मीही हसले. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा आहे म्हणून इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठायला गेले तर कमरेखालचं अंग जणू दुसऱ्याच कुणाचं होतं.

अशोकनी गोदामातून ओळखीचा टेम्पो आणला. मागे गादी टाकून मला निजवलं आणि ठाण्याला निघालो. कशेळीच्या खाडीपुलावर नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग लागलेली. खाडीचा वास, डिझेलचा धूर, आणि आमचा टेम्पो जागच्या जागी. मी हाताची बोटं हलवून बघत होते. सकाळी मूठ वळत होती, खाडीपाशी ती अर्धीच वळायला लागली. हे मी कुणाला सांगितलं नाही. आई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि ट्रकवाल्यांना शिव्या देत होत्या.

हॉस्पिटलमध्ये पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, पायावर हातोडी मारून पाहिली. मग मोठे डॉक्टर अशोकना घेऊन दरवाजाबाहेर जायला लागले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "डॉक्टर, इथेच बोला. पाय माझे आहेत."

ते परत आले, खुर्ची ओढून बसले, आणि बोलले. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. आजाराला जीबीएस म्हणतात, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, बहुतेक माणसं बरी होतात पण फार वेळ लागतो, आणि आधी श्वासावर लक्ष ठेवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. अशोक खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मी मात्र त्या दिवशी रडले नाही. मला राग आला होता. मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

*

हॉस्पिटलमधलं फारसं सांगत नाही. सिस्टर येऊन एका दमात आकडे मोजायला लावायच्या. आकडे कमी भरले तर छाती थकली असं समजायचं आणि श्वासाचं मशीन लावायचं. मी त्यांना म्हटलं, मी शिक्षिका आहे, पाढे म्हणते. पहिल्या दिवशी दोनाचा आणि तिनाचा एका दमात झाला. नंतर दोनाचाही पुरा होईना. चौदापाशी श्वास संपायचा. त्या दिवशी मी खरी घाबरले. चौथीतली माझी सगळ्यात कच्ची पोरं डोळ्यांसमोर आली, आणि वाटलं, दोनाच्या पाढ्यावर अडकून मरायचं नाही. मशीन कोपऱ्यात तयार ठेवलं होतं. ते शेवटपर्यंत तिथेच राहिलं. हळूहळू सोळा आलं, अठरा आलं, वीस आलं.

तिथली एक आयाबाई मला अजून आठवते. अंग पुसायला आली की आधी पलंगाभोवतीचा पडदा ओढायची, क्लिपा लावायची, मग चादर काढायची. बाकीच्या जणी तसंच उरकायच्या. मी तिला एकदा म्हटलं, तुम्ही एवढा वेळ का घालवता? ती म्हणाली, "बाई, तुमाला हलता येत न्हाय, पण लाज तर हाय ना." मोठमोठी औषधं घेतली, पण तिच्या त्या पडद्यानेही मला बरं केलं, असं मी मानते.

*

थंडी सुरू होताना घरी आले. हात उचलले जात होते, पण खांद्याच्या वर नाही. पाय आधाराने सरकत होते. आणि इथून पुढे जे सुरू झालं, ते हॉस्पिटलपेक्षा अवघड गेलं.

आमचं बाथरूम आजाराच्या वर्षभर आधीच नवीन झालं होतं. अशोकनी मिस्त्रीच्या जोडीने रविवारी रविवारी राबून पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या. आमच्या आळीत टाइल्सचं बाथरूम आमच्याच घरी. त्यांचा त्यावर फार जीव. झरोक्याजवळ, टॉवेल सुकेल अशा बेताने, त्यांनी स्टीलची चकचकीत दांडी लावली होती. अशोक चांगले उंच. दांडी त्यांच्या डोक्याच्या रेषेत. धडधाकट होते तेव्हा मी चवड्यावर उभी राहून टॉवेल ओढायचे आणि त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

आता मला लाकडी स्टुलावर बसवून आई आंघोळ घालायच्या. त्यांचे हात मायेचे, पण खरखरीत आणि घाईचे. चौतीस वर्षांची बाई मी, वर्गात पन्नास पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी, आणि माझ्या काखा दुसरं कुणी घासतंय. दार उघडं, कारण आई दमल्या तर अशोकना यावं लागे. आणि दाराबाहेर सुजाता. टॉवेल दोन्ही हातांवर घेऊन, मान दुसरीकडे वळवून उभी. मोठा टर्किश टॉवेल बादलीशेजारी ठेवला तर भिजतो आणि दांडीपर्यंत आईंचा हात पोचत नाही, म्हणून ही युक्ती घरात निघाली होती. कुणी ठरवून केलेली नव्हती. आजारी माणसाच्या घरात अशा गोष्टी आपोआप ठरतात आणि मग कायमच्या होतात.

माझी आंघोळ आणि सुजाताची शाळा एकाच वेळेला. ती रोज उशिरा पोचते आणि प्रार्थनेनंतर वर्गाबाहेर उभी राहते, हे मला शेजारच्या मुलीकडून कळलं. सुजाताने घरी चकार शब्द काढला नव्हता. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, काही नाही गं, थोडाच वेळ उभं करतात.

त्या दिवशी मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. "माझ्या मुलीने माझ्या टॉवेलची खुंटी व्हायचं नाही. उद्यापासून मी एकटी आंघोळ करणार, दार लावून."

आई म्हणाल्या, "तुला उठता येत न्हाय, आन् आमी हाव ना घरात. लाज कुनाची करतीस?"

अशोकनी विषय बदलला. शाळेतून माझ्या रजेबद्दल विचारणा झाली होती. आजारपणाच्या कारणावरून नोकरी सोडता येते, असं त्यांना कुणीतरी समजावलं होतं. ते हळूच म्हणाले, की जिला स्वतःची आंघोळ करता येत नाही ती पन्नास पोरांचा वर्ग कसा सांभाळणार? त्यांनी ते काळजीने म्हटलं हे मला कळत होतं. तरी ते माझ्या मनात काट्यासारखं रुतलं. म्हणजे परीक्षा हीच होती तर. आधी आंघोळ, मग शाळा.

*

मध्ये अकलोलीला जाऊन आलो. ज्याला त्याला तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांचा पुळका. मला नवस, देव, गुण येणं, यातलं काही नको होतं. आईही तशा नवसाच्या नाहीत. पण गरम पाणी हाडांना बरं, त्यात देव कशाला पाहिजे, असं त्या म्हणाल्या आणि मला ते पटलं.

बायकांच्या बाजूला आईंनी आणि आणखी एकीने मला धरून पायरीवर बसवलं. पाणी छातीपर्यंत आलं. चटका बसला, मग बरं वाटलं, आणि मग मी सहज दोन्ही हातांनी कडेचा दगड धरून जोर दिला तर उभी राहिले. पाण्याने मला हलकं केलं होतं एवढंच, पण कितीतरी महिन्यांनी मी कुणी काखेत हात न घालता उभी होते.

शेजारची एक बाई मोठ्याने हळहळली, एवढ्या तरुण वयात हे, मागल्या जन्मीचं काहीतरी असणार. मी तोंड उघडण्याआधीच आई तिला म्हणाल्या, "आमच्यात मागला जनम न्हाय. सरका जरा, तिला बसू द्या."

त्या दिवशी टेम्पोत आम्ही दोघी खूप हसलो. उत्तर देणारं माणूस आपल्या बाजूला बसलेलं असलं की आजार अर्धा होतो.

*

अकलोलीहून आल्यावर मला जोर चढला. एका सकाळी आईंनी बादलीत पाणी काढलं, मला स्टुलावर बसवलं, आणि त्या साबण आणायला वळल्या तेव्हा मी स्टुलावरूनच दार लोटून आतून कडी घातली.

बिनसाबणाची का होईना, आंघोळ झाली. छान झाली. टॉवेल मात्र वर, अशोकनी टाकलेला, दांडीवर. नळाला धरून मी उभी राहिले, हात वर केला, खांद्याच्या वर जाईना. मग दुसऱ्या हाताने कोपर उचलून ढकललं आणि बोटं दांडीला लागली. पाय लटपटले आणि मी दांडीला लोंबकळले. ती होती कशावर? भिंतीत ठोकलेल्या दोन लाकडी गुट्ट्या आणि दोन स्क्रू. एका बाजूची गुट्टी गिलाव्यासकट बाहेर आली. मी, दांडी, टॉवेल, सगळं एकदम खाली.

भुवईला लागलं, कोपराला लागलं. बाहेर सुजाता रडायला लागली, आई दार बडवू लागल्या. मी आतून ओरडत होते, मी ठीक आहे, मला कपडे घालू द्या. कुणी ऐकलं नाही. अशोकनी खांदा देऊन दार ढकललं, कडी निखळली, आणि मी जशी होते तशी सगळ्यांना दिसले.

भुवईला टाके पडले. त्याचं दुःख नव्हतं. संध्याकाळी पाहिलं तर बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. दुरुस्तीसाठी काढली असेल असं वाटलं. आठवडा गेला, कडी परत लागली नाही. मग मी विचारलं.

अशोक म्हणाले, "लावणार नाही. दार ढकलत होतो तेव्हा मला वाटलं, तू गेलीस. परत तसं मला नको."

मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांची भीती खरी होती आणि माझ्यापेक्षा मोठी होती, कारण मी आत होते आणि मला माहीत होतं की मी जिवंत आहे. तरीही मी म्हटलं, "अहो, मी परत पडेन. पडले तर उठेन. पण दार उघडं ठेवून जन्मभर आंघोळ करणार नाही."

नंतर बरेच दिवस आमचं जेवढ्यास तेवढं बोलणं होतं. लोक म्हणतात, आजाराने घर जवळ येतं. आमचं काही दिवस लांबही गेलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

*

मी भांडत बसले नाही, कामाला लागले. दुपारी बाथरूम कोरडं असताना आईंना सांगितलं, मला स्टुलावर नेऊन बसवा आणि बाहेर जा. सुजाताकडून लाल मेणखडू मागून घेतला. टाइल्सवर साधा खडू उमटत नाही, मेणखडू उमटतो आणि पाण्याने जात नाही.

स्टुलावर नीट टेकून बसले आणि डोळे मिटून उजवा हात बाजूला नेला. खांदा न उचलता, पुढे न वाकता हात जिथे आरामात भिंतीला लागला, तिथे खूण केली. ती खूण बसल्या बसल्या माझ्या खांद्याच्या थोडी खाली आली. मग बादलीत पाणी घेऊन अंगावर ओतलं, कपड्यांसकट, आणि शिंतोडे भिंतीवर कुठवर जातात ते पाहिलं. बादली नळाखाली होती तेव्हा खूण भिजली. बादली पलीकडच्या कोपऱ्यात सरकवली तेव्हा कोरडी राहिली. म्हणजे दांडी नाही, बादली हलवायची होती.

मग उठून पाहिलं. उठताना माझा हात आपोआप कुठे जातो? तिथे दुसरी खूण केली. ती पहिलीपेक्षा खाली आणि थोडी पुढे आली, जिथे तळवा टेकवून अंगाचा भार खाली दाबता येईल. तेव्हा मला लख्ख कळलं, की या दोन वेगळ्या दांड्या आहेत. एक टॉवेलची आणि एक माणसाची. मी टॉवेलच्या दांडीला माणसाचं काम लावलं होतं, म्हणून पडले.

शेजारच्या गल्लीत शकीलभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. लूमचे सुटे भाग वेल्डिंग करायचे, घरांच्या जाळ्याही करायचे. त्यांना बोलावलं. लाल खुणा बघून ते म्हणाले, "भाभी, टॉवेल का रॉड इतना नीचे कोई नहीं लगाता. आदमी के सर के बराबर लगता है."

"शकीलभाई, आदमी के लिए नहीं, मेरे लिए लगाना है."

ते अशोककडे पाहायला लागले. अशोक टाइल्सकडे पाहत होते. आधाराच्या पाइपची दोन्ही टोकं भिंतीत आरपार घालून मागून सिमेंटने पक्का करायचा होता, आणि त्यासाठी टाइल्स फोडाव्या लागणार होत्या. अशोक म्हणाले, टाइल्स फोडायच्या नाहीत. एक काढली की शेजारच्या हलतात, पाणी मुरतं. कुणीतरी धरायला असलं की पाइप लागतोच कशाला?

मी शकीलभाईंच्या पिशवीतून हातोडी काढली. अजून बोटांत पकड नव्हती, म्हणून दोन्ही हातांनी धरली. स्टुलावर बसले आणि खालच्या लाल खुणेवर मारली. हातोडी घसरली, टाइलचा एक कोपरा नुसता टवका उडून तडकला. परत मारली, त्या वेळी हातोडीच निसटून मोरीत पडली. मी ती उचलायला वाकू शकत नव्हते.

अशोक आत आले, त्यांनी हातोडी उचलली. मला वाटलं, आता पिशवीत ठेवतील. ते माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "कुठली खूण? ही का?"

मी हो म्हटलं. त्यांनी स्वतः बसवलेली टाइल स्वतः फोडली.

*

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगते. उंची विचारायला माझ्याकडे लोक येतात आणि फुटात सांगा म्हणतात. फुटात सांगता येत नाही. घरातल्या उभ्या माणसाने टेप घेऊन ती ठरवूच नये. ज्याला टॉवेल घ्यायचा आहे त्याला, तो जशी आंघोळ करतो तसं, त्याच स्टुलावर बसवा आणि त्याच्या हातात मेणखडू द्या. त्याचा चांगला हात कोणता, तेही त्यालाच विचारा. टॉवेलच्या दांडीला अंगाचा भार कधीही देऊ नका, आधाराला वेगळा जाड पाइप घाला आणि तो गुट्टीवर नको, भिंतीत घाला. टर्किश टॉवेल भिजला की अशक्त हाताला जड होतो, साधा पंचा बरा. आणि कडी हवीच. बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या, पण कडी हवी. आमची तशी शकीलभाईंनीच करून दिली. बाहेरून पट्टी सरकवली की आतली कडी सुटते. त्यामुळे अशोकना झोप लागायला लागली.

आजाराने माझ्या उजव्या पावलात कायमचा अधूपणा ठेवला. पुढे मी शाळेत परत रुजू झाले, तळमजल्यावरचा वर्ग मागून घेतला, आणि नगरपालिकेच्या साहेबांनी नोकरी सोडण्याबद्दल विचारलं तेव्हा निवृत्तीचं वय झालं की सोडते असं सांगितलं. पण ते सगळं नंतरचं. माझ्या मते मी बरी झाले ती त्याआधीच.

सिमेंट वाळल्यावर पहिल्यांदा कडी लावून आंघोळीला बसले तेव्हा घर नुसतं कान होऊन बसलं होतं. आई मधूनमधून विचारत होत्या, झालं का? मी मुद्दाम ओ दिली नाही. पंचा घेतला, अंग पुसलं, तळवा पाइपवर दाबून उठले, बसून गाउन चढवला. दार उघडलं तर अशोक उंबऱ्याशी जमिनीवर बसलेले, हात त्या पट्टीवर.

मी म्हटलं, "उद्यापासून इथे बसायचं नाही."

ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले, तर दाराशी कुणी नव्हतं. हाक मारली, उत्तर आलं नाही. सुजाता वेळेवर शाळेला गेली होती. अशोक दापोड्याला गेले होते. आई भाजी आणायला बाहेर पडल्या होत्या. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. पडल्यापासूनच नव्हे, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला घरात एकटीला सोडून सगळे आपापल्या कामाला गेले होते.

मी भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेले आणि उन्हात केस मोकळे सोडून कितीतरी वेळ बसले.